पांबनचा पूल: उचलणं सोपं, बसवणं अवघड

६ एप्रिल २०२५ रोजी रामनवमीला तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मंडपमहून समुद्र ओलांडून रामेश्वर बेटावर जाणाऱ्या, बोटींसाठी मधला भाग वर उचलता येणाऱ्या नव्या पांबन रेल्वेपुलाचं उद्घाटन झालं आणि सव्वादोन वर्षं मंडपमपर्यंतच जाणारी रेल्वे पुन्हा थेट रामेश्वरला जाऊ लागली. काशी-रामेश्वर करून आलेल्या वाचकांनी तेव्हापासून या पुलाबद्दल बरंच काही विचारलं आहे. त्यातले सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

शेजारचा रस्त्याचा पूल चांगला उंच आहे, त्याखालून जहाजं सहज जातात. मग रेल्वेचा पूलही तसाच उंच का नाही बांधला? दर वेळी उचलायची कटकट कशाला? (सांगली)

कारण गाडीला चढ झेपत नाही. नव्या पुलाचा मधला गाळा (दोन खांबांमधला भाग) १७ मीटर वर जातो आणि तेव्हा पाण्यापासून २२ मीटर मोकळी उंची मिळते. तेवढीच उंची कायमची हवी असेल तर रूळ आत्ताच्यापेक्षा १७ मीटर वर न्यावे लागतील. १०० मीटरला १ मीटर हा रेल्वेच्या दृष्टीने चांगलाच खडा चढ. तो धरला तरी १७०० मीटर लागतात, आणि तेही एका बाजूला. १५० ला १ असा बरा चढ धरला तर अडीच किलोमीटर. अख्खा पूल आहे २.०७ किलोमीटरचा, आणि बेटावर उतरलं की लगेच पांबन स्टेशन. म्हणजे स्टेशन उचलून दुसरीकडे न्यायचं, बेटावर लांबच लांब भराव किंवा खांब घालायचे, आणि हे सगळं बोटी जाव्यात म्हणून. ट्रक-बस ३० ला १ चढ आरामात चढतात, त्यांचं काम पाचशे मीटरमध्ये भागतं. म्हणून १९८८ साली खुल्या झालेल्या रस्त्याच्या पुलाला ते कुबड परवडलं.

जागा असेल तर रेल्वेही उंच पूलच पसंत करते, यात शंका नको. न्यू जर्सीतला हॅकेनसॅक नदीवरचा १९१० सालचा फिरता (मधल्या खांबावर आडवा वळून बोटींना वाट देणारा) पोर्टल पूल इतका त्रास देऊ लागला की त्याच्या जागी न हलणारा, उंच पूल बांधायला घेतला. हलतं यंत्र नसेल तर ते बिघडतही नाही. पांबनला मात्र तो पर्याय जमिनीनेच बंद केलेला आहे.

६६० टनांचा गाळा साडेपाच मिनिटांत वर जातो असं वाचलं. मोटर केवढी लागत असेल? (डोंबिवली)

नुसत्या मोटरने उचलायचा म्हटलं तर हिशेब सोपा आहे. ६६० टन, १७ मीटर, ३३० सेकंद: सुमारे ३३३ किलोवॅट, म्हणजे साडेचारशे अश्वशक्ती. शिवाय घर्षण आणि वारा वेगळे. पण उचलत्या पुलात असं कोणी करत नाही. तुमच्या इमारतीची लिफ्ट ज्या युक्तीवर चालते तीच इथे आहे. गाळ्याच्या दोन्ही टोकांना मनोरे, मनोऱ्याच्या माथ्यावर मोठ्या कप्प्या, कप्प्यांवरून गेलेले तारांचे दोर. दोराच्या एका टोकाला गाळा, दुसऱ्या टोकाला जवळपास तेवढ्याच वजनाचं काउंटरवेट. गाळा वर जातो तसं काउंटरवेट खाली येतं. मोटरला फक्त घर्षण, वाऱ्याचा रेटा आणि जड वस्तू हलवताना-थांबवताना लागणारा जोर एवढंच पेलायचं असतं.

"जवळपास तेवढंच" हे शब्द मुद्दाम वापरले. दोन्ही वजनं तंतोतंत सारखी केली तर खाली बसलेला गाळा बेअरिंगवर, म्हणजे खांबावरच्या टेकूंवर, धड दाबून राहणार नाही, गाडी आली की टोकं थडथडतील. म्हणून गाळ्याची बाजू किंचित जड ठेवतात.

दुसरी भानगड दोरांची. गाळा १७ मीटर वर गेला की प्रत्येक दोराचा १७ मीटर तुकडा गाळ्याच्या बाजूकडून काउंटरवेटच्या बाजूला जातो, म्हणजे फरक ३४ मीटरचा पडतो. समजा ३२ दोर आहेत आणि दोर मीटरला ७ किलोचा आहे, तर तोल साडेसात टनांनी बदलला. मोटर आणि ब्रेक निवडताना हा फरक धरावा लागतो. फार उंच उचलणाऱ्या पुलांवर तो फेडण्यासाठी वेगळ्या साखळ्या टांगतात.

आणि तोल एकदा साधला की कायमचा साधला, असंही नाही. गाळ्यावर रंगाचा नवा हात बसला, स्लीपर बदलले, पायवाटेच्या जाळ्या जाड केल्या, की दोन-चार टन कधी वाढले कळत नाही. म्हणून काउंटरवेटमध्ये रिकामे कप्पे ठेवतात आणि त्यांत छोटे ठोकळे घालून किंवा काढून तोल जुळवतात. ट्रॅकचं काम करणाऱ्यांनी यंत्रवाल्यांना न सांगता केलेला बदल मोटरच्या अँपिअरमध्ये दिसतो: चढताना जास्त आणि उतरताना कमी करंट दिसू लागला की गाळा जड झाला म्हणायचं.

जुना पूल मधोमध दुभंगून दोन्ही अर्धे वर व्हायचे. त्याला मोटर नव्हती, माणसं हाताने उघडायची, हे खरं का? ते कसं शक्य होतं? (रत्नागिरी)

खरं आहे. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी खुल्या झालेल्या त्या पुलाला १२.२ मीटरचे १४५ साधे गाळे होते आणि बोटींच्या वाटेवर सुमारे ६१ मीटरचा एक उघडता गाळा. शेवटपर्यंत तो हातानेच उघडला जायचा. दोन्ही काठांना यंत्राचे दांडे, ते ढकलत माणसं गोल फिरायची, दातेरी चक्रांमधून जोर वाढत जायचा आणि अर्धा गाळा हळूहळू उभा राहायचा. या सगळ्यात पाऊण तास सहज जाई.

त्यामागची रचना शिकागोच्या विल्यम शेर्झरची. तिथली नदी अरुंद आणि बोटींनी गजबजलेली. फिरता पूल घालायचा तर त्याचा मधला खांब बोटींच्या वाटेतच येतो. आसावर कलणारा पूल घालायचा तर मागचं वजन खाली जायला काठावर खोल खड्डा हवा. शेर्झरने आस काढूनच टाकला. १८९३ मध्ये पेटंट मिळालं त्याच वर्षी तो वारला. पुढे भावाने कंपनी चालवली आणि १८९५ मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी असा पहिला पूल उभा राहिला.

लहान मुलांचा डोलणारा लाकडी घोडा आठवा. त्याच्या खालच्या वाकड्या पट्ट्या जमिनीवर गडगडतात, तशी या गाळ्याच्या मागच्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखी पोलादी कमान असते. ती सपाट रुळीवर मागे गडगडत जाते आणि पुढचं टोक वर उठतं. कमानीच्या मागे, वरच्या अंगाला काउंटरवेट. ते इतकं मोजून ठेवलेलं असतं की अख्ख्या भागाचा गुरुत्वमध्य बरोबर त्या वर्तुळाच्या केंद्रावर येतो. चाक गडगडताना त्याचं केंद्र वर-खाली होत नाही, सरळ आडवं सरकतं. म्हणजे गाळा दिसायला आकाशात गेला तरी त्याचं वजन उचललं असं झालेलंच नसतं. रेल्वे फाटकाचा दांडा एकटा फाटकवाला वर करतो, त्यातलंच हे तत्त्व, फक्त आसाशिवाय. म्हणूनच माणसांचा जोर पुरायचा.

मागे सरकण्याचा आणखी एक फायदा आहे. वर्तुळाची त्रिज्या ५ मीटर धरली आणि गाळा ८० अंश उभा झाला तर तो सुमारे ७ मीटर मागेही जातो. बोटीला तेवढी जादा मोकळीक मिळते. कमान घसरू नये म्हणून रुळीवर उंचवटे आणि कमानीत त्यांच्या मापाच्या खोबणी असतात. दुखणं होतं तेही इथेच. अख्ख्या भागाचा भार एका अरुंद रेषेवर येतो, ती रेषा सरकत राहते, आणि तेवढ्या जागेवरचं पोलाद वर्षानुवर्षं लाटण्याखालच्या पोळीसारखं पसरत जातं. पत्रे सैल होतात, रिव्हेट ढिले पडतात, खोबणीच्या कोपऱ्यात तडे जातात. खांबावरचा भारही सरकता, त्यामुळे खांब जरा जरी कलला तरी दोन अर्ध्यांची टोकं जुळेनाशी होतात.

आम्हाला विचाराल तर पांबनला खरी करामत उघडण्यात नव्हती. दोन अर्धे मधोमध भेटणाऱ्या पुलावरून रेल्वे नेणं हेच धाडस. मोटारीला सांध्यात एक-दोन सेंटिमीटरचा फरक चालतो, गाडीच्या चाकाला नाही. चाक एका टोकावर आलं की ते टोक दबतं, समोरचं तिथेच राहतं. म्हणून दोन्ही टोकं एकमेकांत कुलपासारखी अडकवून एकत्रच दबतील असं करावं लागतं. त्या कुलपातली झीज हा अशा पुलाचा नाजूक भाग. नव्या पुलाला एकसंध ७२.५ मीटरचा उभा उचलणारा गाळा घेतल्याने मधला सांधाच उरला नाही.

गाळा वर असताना गाडी आली तर? आणि तुटलेले रूळ परत जुळतात कसे? (नाशिक)

रूळ तुटलेले नसतात, तिरपे कापलेले असतात. टोकं एकमेकांवर चढतील अशी निमुळती केलेली, म्हणजे चाक एका रुळावरून दुसऱ्यावर जाताना खड्ड्यात पडत नाही. फट थोडी कमी-जास्त होणारच. ७२.५ मीटर पोलाद ३० अंश तापलं की २६ मिलिमीटर वाढतं. गाळ्याचं एक टोक पक्कं आणि दुसरं सरकतं ठेवतात, आणि सांधा ही वाढ पोटात घेतो.

गाळा उचलण्याचा क्रम साधारण असा असतो. आधी दोन्ही बाजूंच्या स्टेशनांनी त्या टप्प्यात गाडी नाही याची खात्री करून टप्पा बंद करायचा. सिग्नल लाल. तेव्हाच पुलाचं कुलूप उघडण्याची परवानगी मिळते. जुन्या पद्धतीत ती खरोखरची लोखंडी किल्ली असायची, आता विद्युत संकेत असतो. मग गाळा जागेवर अडकवून ठेवणारे टोकांचे खिळे मागे ओढायचे, ब्रेक सोडायचा, सावकाश सुरुवात, मध्ये वेग, वर पोचताना पुन्हा सावकाश. उतरताना शेवटचा मीटरभर सगळ्यात मंद. गाळा चारही बेअरिंगवर बसला, खिळे आत गेले, रुळांची टोकं जुळली, हे तीन वेगवेगळ्या स्विचांनी सांगितल्याशिवाय परवानगी परत जात नाही आणि परवानगी परत गेल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. स्टेशनात गाडी रूळ बदलते तिथे ५ मिलिमीटरचा तुकडा अडकवून बघतात, तेवढ्याने सांध्याला कुलूप लागता कामा नये. इथली शिस्तही त्याच जातीची.

यात चूक झाली की काय होतं? १५ सप्टेंबर १९५८ रोजी न्यू जर्सीत नेवार्क उपसागरावरचा उचलता गाळा वर होता. सिग्नल लाल होते, पुढे गाडी मुद्दाम रुळावरून उतरवणारा अडसरही होता. गाडी सगळं ओलांडून पाण्यात गेली, ४८ माणसं मेली. पूल आणि सिग्नल एकमेकांना बांधणाऱ्या यंत्रणेने, म्हणजे इंटरलॉकिंगने, आपलं काम केलं होतं, गाडीच थांबली नाही.

दुसरी घटना जास्त विचार करायला लावणारी. २२ सप्टेंबर १९९३, अलाबामातला बिग बायू कॅनो पूल. फिरता पूल करता यावा अशा बेताने बांधलेला, पण कधीच फिरवला नाही. त्यामुळे गर्डर (पुलाची पोलादी तुळई) आडव्या धक्क्याला पुरेसा जखडलेला नव्हता. धुक्यात वाट चुकलेल्या बार्जने ठोकर दिली, गर्डर सुमारे मीटरभर सरकला. रूळ वाकले पण तुटले नाहीत. रुळावर गाडी आहे का हे विजेने ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटचा प्रवाह रुळातूनच वाहतो, रूळ अखंड म्हणजे सिग्नल हिरवा. थोड्याच मिनिटांत आलेली गाडी कोसळली आणि ४७ जण गेले. म्हणून हलत्या गाळ्यावर रूळ सलग आहेत का एवढंच बघून भागत नाही. गाळा स्वतः जागेवर आहे का, हे वेगळं मोजावं लागतं.

पूल कधी उचलणार हे आधी कळतं का? मुलांना दाखवायचं आहे. (लातूर)

ठरलेलं वेळापत्रक नसतं. बोटी आल्या आणि गाड्यांमध्ये पुरेसा वेळ असला की उचलतात. मोठी जहाजं इथून जातच नाहीत, खाडी उथळ आहे. ती श्रीलंकेला वळसा घालतात. इथून जातात त्या मासेमारी बोटी, तटरक्षक दलाची जहाजं, बार्ज. रस्त्याच्या पुलावरून दृश्य उत्तम दिसतं, पण गाडी मध्येच उभी करू नका.

उभा उचलणारा गाळा तिरका होऊन अडकतो म्हणजे नेमकं काय? चार कोपरे एकाच वेळी उचलायला इतकं अवघड काय आहे? (पुणे)

दोन मनोरे, दोन वेगळी यंत्रं. मध्ये लोखंडी दांडा नसेल तर दोन्ही बाजूंची चाल फक्त मोजमापावर आणि संगणकावर जुळवलेली असते. एका बाजूचे दोर जरा जास्त ताणले गेले, एका ब्रेकने उशिरा पकड सोडली, उंची मोजणाऱ्या एन्कोडरचा दाता सरकला, की एक टोक पुढे जातं.

समजा एक टोक १० सेंटिमीटर वर राहिलं. ७२.५ मीटर लांबीत ते डोळ्याला दिसतही नाही. पण गाळ्याची उंची १० मीटर धरली तर त्याचा माथा तळाच्या मानाने १४ मिलिमीटर पुढे झुकतो. मनोऱ्यातल्या मार्गदर्शक पट्ट्या आणि गाळ्याचे रोलर यांच्यातली फट असते काही मिलिमीटरची. रोलर घासतो, घर्षण वाढतं, ती बाजू आणखी मागे पडते, तिरकेपणा आणखी वाढतो. कपाटाचा कप्पा एका कडेने ओढला की अडकतो तसंच. म्हणून ठरावीक फरकापलीकडे यंत्रणा स्वतःच चाल बंद करते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पूल बिघडला; बऱ्याचदा पुलाने स्वतःला वाचवलेलं असतं.

अशा वेळी जोर लावायचा नाही, हा पहिला नियम. ब्रेक लावायचे, पट्ट्यांत काही अडकलंय का ते बघायचं, मग मागे पडलेली बाजू एकटीच सुट्या गतीने इंच-इंच सरकवून चारही कोपरे समपातळीत आणायचे. एन्कोडर पुन्हा शून्यावर आणायचे, आणि गाडी सोडण्याआधी एक पूर्ण फेरी रिकामी करायची. पोर्टल पुलावर तर फिरवून परत आणलेले रूळ नीट बसेनात म्हणून कामगारांना घण घालावे लागत, तोवर गाड्या दोन्हीकडे ताटकळत.

कोकण रेल्वेवाल्या श्रीधरन यांचं नाव पांबनशी जोडलं जातं ते कशामुळे? (चिपळूण)

१९६४ च्या डिसेंबरमध्ये, २२-२३ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी गाव संपवलं. तिथे निघालेली पॅसेंजर गाडी लाटेने गिळली. पांबनच्या पुलाचे सव्वाशेच्या आसपास गर्डर समुद्रात गेले. खांब बहुतांश टिकले आणि गंमत म्हणजे सगळ्यात गुंतागुंतीचा तो उघडता शेर्झर गाळाही टिकला. दुरुस्तीचं काम ३२ वर्षांच्या ई. श्रीधरन यांच्याकडे आलं. सहा महिन्यांची मुदत होती, ती कमी करून तीन महिने केली गेली, आणि काम झालं ४६ दिवसांत.

नवे गर्डर घडवायला वेळ नव्हता. देशभरातून सुटे गर्डर गोळा करायचा बेत चालला असतानाच कोळ्यांकडून बातमी आली, गर्डर पाण्याखाली पडलेले दिसताहेत. १२.२ मीटरचा गर्डर छोटाच, सरळ पट्टीचा. वाकला नसेल तर धुऊन, तपासून पुन्हा त्याच खांबांवर ठेवता येतो. गर्डर वर काढायला आणि बसवायला खास यारी बनवून घेतली, आणि एकदा पद्धत बसल्यावर रोजची संख्या वाढत गेली. सगळे गाळे एकाच मापाचे असल्याचा हा फायदा: कुठला गर्डर कुठल्या खांबावरचा, हे शोधत बसावं लागत नाही.

१०८ वर्षं चाललेला पूल गंजामुळे बंद केला म्हणतात. रंग देत राहिले असते तर? (मडगाव)

रंग देतच होते. पण रंग पोचतो तिथवरच. जुना गाळा रिव्हेटचा, म्हणजे पत्र्यावर पत्रा ठेवून ठोकलेला. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत खारं पाणी शिरतं, बाहेर येत नाही. तिथे गंज धरतो आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. तो पत्रे आतून फाकवतो, रिव्हेटची डोकी ताणून उडवतो. बाहेरून चकचकीत रुपेरी रंग आणि आत पापड, असा प्रकार. मडगावकरांना खाऱ्या वाऱ्याबद्दल आम्ही काय सांगणार. खिडकीच्या गजाचं भोक वरून दिसत नाही, बोट लावलं की कळतं.

साधे गर्डर बदलता येतात आणि वेळोवेळी बदललेही. उघडत्या गाळ्याचं तसं नाही. त्याचा एक भाग बदलला की वजन बदलतं, तोल बिघडतो, आणि कमान-रुळीचं जुळणं नव्याने साधावं लागतं. २००७ मध्ये ब्रॉडगेज करताना तो मजबूत केला होता. तरी गंजाने भाग खाल्ल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या थांबवाव्या लागल्या. त्याआधीही पुलावर गाडी सायकलच्या वेगानेच जायची, आणि वारा ताशी ५८ किलोमीटरवर गेला की वाऱ्याचं यंत्र आपोआप सिग्नल लाल करायचं.

नव्या पुलात फटीच राहू नयेत म्हणून गाळ्याचे सांधे वेल्डिंगचे आहेत. वर गंज रोखणारा पॉलिसिलॉक्सेनचा रंग, काँक्रीटमध्ये स्टेनलेस सळ्या, आणि रूळ आधीपेक्षा ३ मीटर उंच, म्हणजे लाटांचे तुषार थोडे कमी. आराखडा टिप्सा या परदेशी सल्लागारांचा. तो आयआयटी मद्रासने आणि पुन्हा आपल्या पवईच्या आयआयटीने तपासला. गाड्यांना ताशी ७५ किलोमीटरची परवानगी मिळाली, उचलत्या गाळ्यावर मात्र ५०. वेल्डिंगलाही स्वतःची दुखणी आहेत. रिव्हेटच्या पुलात तडा एका पत्र्यात गेला तर बहुधा तिथेच थांबतो, वेल्डिंगमध्ये तो पुढच्या पत्र्यात शिरू शकतो. म्हणून इथे तपासणीत रंगाआधी वेल्डची टोकं बघायची, आणि दोरांवरचं ग्रीस पुसून आतल्या तारा तुटल्यात का तेही.